वीस वर्षं डब्यात राहिलेला भीम

चित्रपट घराघरांत पोचवण्यासाठी प्रेक्षकांनी केलेल्या धडपडीबद्दल एक टिपण

कोमरम भीमचं नाव ऐकलं नाही असा माणूस उटनूर-जैनूर-केरामेरीच्या पट्ट्यात सापडायचा नाही. 11 ऑक्टोबर 2016 ला शेजारच्या नव्या जिल्ह्यालाच त्याचं नाव मिळालं. दर आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, जोडेघाटला त्याची वर्धंती होते, त्यात इथली आयटीडीए पुढे असते. पण भीमवर निघालेल्या चित्रपटाचा विषय काढला की पहिलं नाव येतं 'आरआरआर'चं. त्याच्या बत्तीस वर्षं आधी, 1990 मध्ये, भीमवर एक अख्खा तेलुगू चित्रपट तयार झाला होता, राज्य सरकारचे दोन पुरस्कार घेऊन आला होता आणि तरीही वीस वर्षं चित्रपटगृहात लागला नव्हता, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

या टिपणात मला त्या वीस वर्षांबद्दल लिहायचं आहे. चित्रपट काढून होणं ही एक गोष्ट आणि तो लोकांच्या हाती पडणं ही दुसरी. या दोन्हींच्या मधे जी दरी असते, ती धंद्याने किंवा सरकारने आपणहून भरून काढल्याची उदाहरणं कमीच आहेत. बहुतेक वेळा बघणाऱ्यांनीच तगादा लावला, कोर्टात गेले, जुनी रिळं गोळा केली, तेव्हा कुठं चित्रपट पडद्यावर आणि पुढे घरात आला. आपल्या भागाचा भीम त्याच रांगेतला आहे.

भीम आणि त्याचा चित्रपट

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इथल्या वाचकांना पाठ आहे. निजामाच्या राज्यात जंगल राखीव झालं. बाहेरून आलेल्यांनी जमिनी नावावर करून घेतल्या. महसूल आणि जंगल खात्याच्या लोकांचा जाच वाढला. बाबेझरी-जोडेघाटच्या बारा गावांच्या जमिनीवर गोंडांचा हक्क मागत भीम उभा राहिला आणि 1940 मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने पडला. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. बंड मोडल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की गोंड असे का पेटले. त्याचा शोध घेण्याचं काम ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाकडे आलं. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाईला राहिले. त्यांचं 'ट्रायबल हैदराबाद' 1945 ला आणि 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' 1948 ला निघालं.

भीमच्या चरित्रकथेत मराठी माणसाला जवळचा वाटावा असा एक भाग आहे. सिद्दीक नावाच्या जमीनदाराशी झालेल्या झगड्यात तो मारला गेला, तेव्हा भीम पळून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला, तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला आणि लिहाय-वाचायला शिकवलं, असं सांगितलं जातं. पुढे आसामच्या चहामळ्यात मजुरी करून तो परतला. लोककथा आणि कागद यांची इथे सरमिसळ आहे हे मान्य. पण ज्याला अक्षरओळख परमुलखात, मराठी छापखान्यात झाली अशी ज्याची आठवण लोकांनी ठेवली, त्याच्यावरचा चित्रपट मराठी घरात परका राहावा, हे बरं वाटत नाही.

1980 च्या दशकात साहू आणि अल्लम राजय्या यांची भीमवरची तेलुगू कादंबरी आली आणि आदिलाबादच्या बाहेर हे नाव पसरलं. 1990 ला अल्लाणी श्रीधर यांनी 'कोमरम भीम' हा चित्रपट केला. मुख्य भूमिका भूपाल रेड्डी यांची. आंध्र प्रदेश सरकारचे दोन नंदी पुरस्कार त्याला मिळाले, एक राष्ट्रीय एकात्मतेवरच्या चित्रपटाचा आणि दुसरा दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा. एवढं होऊन तो चित्रपटगृहात लागला कधी, तर जुलै 2010 मध्ये.

त्या सालाकडे नीट बघायला हवं. 2009 च्या डिसेंबरात केंद्राने तेलंगणाच्या निर्मितीची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं, मग माघार घेतली आणि सगळा प्रदेश रस्त्यावर उतरला. आपले वीर कोण, आपला इतिहास कुणी लिहिला, हे प्रश्न चहाच्या टपरीवरही निघत होते. अशा हवेत वीस वर्षं जुना चित्रपट पडद्यावर आला. सरकारी पुरस्कारांनी जे झालं नव्हतं, ते लोकांच्या मनातल्या मागणीने झालं असं म्हणायला जागा आहे. पुढे 2012 मध्ये हैदराबादच्या टँक बंडवर भीमचा पुतळाही बसला.

तेवढ्या वर्षांत घरातला पडदा किती बदलला

1990 ते 2010 ही वर्षं साधी नव्हती. घरी चित्रपट बघण्याची सगळी रीत याच काळात दोनदा उलटीपालटी झाली.

1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेणं गावात कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून 'व्हिडिओ' भाड्याने आणायची पद्धत पडली. लग्नाला, गणपतीला, जत्रेला टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटा एका रात्रीसाठी यायच्या आणि अंगणात पहाटेपर्यंत चित्रपट चालायचे. जिथं चित्रपटगृह नाही, तिथं चित्रपट पोचण्याची ती पहिली वाट. त्या कॅसेटांत काय असायचं? शहरात जे चालून गेलं तेच. जो चित्रपट शहरातच लागला नाही, त्याची कॅसेट गावात कुठून येणार?

नव्वदीच्या शेवटी व्हीसीडी आली. एका चित्रपटाला दोन चकत्या लागायच्या आणि मध्यंतराला उठून चकती बदलावी लागायची. प्लेअर स्वस्त होता, त्यामुळे खेड्यापाड्यात तो झपाट्याने पसरला. मग डीव्हीडी. 2006-07 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. त्याआधी खऱ्या चकतीला शंभरेक रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागायचे आणि लोक चोरीच्या प्रती घ्यायचे. कंपनीने भाव चोरीच्या प्रतीजवळ आणला आणि जुने चित्रपट, त्यात प्रादेशिक भाषांतलेही, गठ्ठ्याने विकत घेऊन बाजारात ओतले. कितीतरी जुने चित्रपट त्या काही वर्षांत घरांत शिरले, ते असे.

हे चित्र समोर ठेवलं की 'कोमरम भीम'चं नुकसान कळतं. ज्या काळात साध्या माणसाला वडापावच्या चार-पाच प्लेटांच्या पैशात चित्रपट विकत घेता येऊ लागला, तो काळ सरत आला तेव्हा हा चित्रपट नुकता पहिल्यांदा पडद्यावर येत होता. 2010 नंतर चकतीचा धंदाच आटत गेला. म्हणजे गाडी फलाटावरून सुटली आणि पाहुणा तेव्हा स्टेशनच्या दारात पोचला.

बाबासाहेबांचा चित्रपट आणि मद्रास हायकोर्ट

योगायोग असा की त्याच 2010 मध्ये, पाच महिन्यांनी, दुसरा एक अडकलेला चित्रपट सुटला. त्याचा दिग्दर्शक मराठी होता.

जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा इंग्रजीत केलेला, जवळपास तीन तासांचा चित्रपट. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याचा आणि महाराष्ट्र सरकारचा त्यात पैसा होता आणि निर्मितीचं काम एनएफडीसीकडे होतं. पटकथेच्या कामात सूनी तारापोरवाला, अरुण साधू, दया पवार होते. बाबासाहेबांच्या भूमिकेत मामुट्टी, रमाबाईंच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. 1998 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो इंग्रजीतला उत्तम चित्रपट ठरला, मामुट्टींना अभिनयाचा आणि नितीन चंद्रकांत देसाईंना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. प्रदर्शन झालं 2000 साली.

ज्यांच्यासाठी तो काढला, ती माणसं इंग्रजी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये जाणारी नव्हती. त्यासाठीच भारतीय भाषांत डबिंग ठरलं होतं. तमिळ डबिंग झालं, पण चित्रपट काही लागेना. प्रती काढायला, जाहिरातीला पैसा कुणी घालायचा, यावर घोडं अडलेलं. शेवटी चेन्नईतल्या एका वकिलाने मद्रास उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दा साधा होता: जनतेच्या पैशातून जनतेसाठी केलेला चित्रपट जनतेला दाखवत का नाही? कोर्टाने जाब विचारल्यावर चाकं हलली, लेखक-कलावंतांच्या संघटना आणि आंबेडकरी कार्यकर्ते मागे उभे राहिले आणि डिसेंबर 2010 च्या पहिल्या आठवड्यात, महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर, तमिळ आवृत्ती चित्रपटगृहांत आली. इंग्रजी प्रदर्शनानंतर दहा वर्षांनी.

चित्रपट बघायला मिळावा म्हणून माणसं कोर्टात जातात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चित्रपट बंद करा म्हणून कोर्टात जाणारे आपण रोज वाचतो. लावा म्हणून जाणारे विरळाच.

यातला वितरणाचा धडाही आपल्या उपयोगाचा आहे. दसऱ्याला आपल्या भागातून जे लोक महामार्ग 44 ने नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, त्यांनी तिथला बाजार पाहिलेला आहे. पुस्तकं, फोटो, बिल्ले, आधी भीमगीतांच्या कॅसेटा, मग सीड्या. मोठ्या दुकानांच्या रॅकवर यातलं फारसं काही नसायचं. तरी माल घराघरांत गेला, कारण घेणारे आणि विकणारे एकाच चळवळीतले होते. बाजाराने ज्याला गिऱ्हाईक नाही म्हटलं, त्याला जत्रेत गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे जोडेघाटची वर्धंती आणि केसलापूरची नागोबा जत्रा आहे. पुष्य अमावास्येला हजारोंनी लोक जमतात, दरबार भरतो. भीमच्या चित्रपटाचं खरं दुकान तिथं आहे.

प्रत कुठं टिकते

चित्रपट घरी मिळावा अशी मागणी करण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: प्रत कुठं आहे?

मराठीतलंच उदाहरण घेऊ. 'घाशीराम कोतवाल' हा 1976 चा चित्रपट पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून केला. तेंडुलकरांचं नाटक, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी आणि दिग्दर्शनात मणी कौल, के. हरिहरन अशी एकाहून जास्त नावं. पुढे तो बघायलाच मिळेनासा झाला. त्याची प्रिंट टिकली ती बर्लिनमध्ये, आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात, आणि तिथेच तिचं डिजिटल रूप झालं. पेशवाईच्या पुण्यावरचा चित्रपट जर्मनीत सापडावा, यात आनंद आहे आणि थोडी लाजही.

इकडे पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी तिथं गावोगावहून डबे गोळा करून आपला वारसा राखला. तरी 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. नायट्रेट लवकर पेट घेतं. 1950 नंतर वापरात आलेली ॲसिटेट फिल्म पेटत नाही, पण दमट उन्हाळी हवेत कुजते आणि डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. 1990 च्या चित्रपटाचा डबा कुणाच्या माळ्यावर उन्हापावसात पडून राहिला, तर त्याचं हेच होतं. म्हणून अशा मागणीत घाई असते. दहा वर्षांनी केलेली मागणी कदाचित नुसत्या वासाची मागणी ठरेल.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण सांगतो, ते आपल्यासारख्या लहान गटाला धीर देणारं आहे. आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'नेपोलियन' 1927 चा, मुका, कित्येक तासांचा. पुढे तो तोडला, कापला गेला आणि विस्मरणात गेला. केविन ब्राउनलो या इंग्रज मुलाला 1954 मध्ये, शाळेत असताना, त्याची दोन छोटी रिळं मिळाली. साडेनऊ मिलिमीटरची, घरी लहान प्रोजेक्टरवर बघायची. त्या दोन रिळांनी तो वेडा झाला आणि जन्मभर तुकडे गोळा करत राहिला. 1980 ला लंडनमध्ये त्याने जोडलेला चित्रपट वाद्यवृंदासह दाखवला गेला. पण घरी बघायची चकती ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढली ती 2016 मध्ये. मधली छत्तीस वर्षं हक्कांच्या वादात आणि पैशाच्या अडचणीत गेली, आणि चाहते सतत विचारत राहिले.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सुरुवात. मोठा चित्रपट वाचला तो घरगुती रिळामुळे. मोठ्या संग्रहालयात नाही, एका पोराच्या घरात. घरातली प्रत म्हणजे नुसती करमणूक नव्हे, ती जपणूक पण आहे. ज्या चित्रपटाच्या हजार घरांत हजार प्रती आहेत, तो एका आगीत संपत नाही.

आपल्याकडचा भाषेचा प्रश्न

उटनूरच्या बाजारात तासभर उभं राहिलं तर गोंडी, कोलामी, मराठी, लमाणी, उर्दू आणि तेलुगू सगळं कानावर पडतं. भीमचा चित्रपट तेलुगूत आहे. ज्याच्या लोकांची गोष्ट आहे, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना तो पूर्ण समजेल का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

याबाबत मारलवाईचा इतिहास कामाला येतो. 1943 मध्ये हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तिथं गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनाची पुस्तकं काढायची ठरली तेव्हा लिपी घेतली देवनागरी, कारण मराठीमुळे ती इथल्या लोकांच्या ओळखीची होती. म्हणजे गोंडी बोली देवनागरीत छापून घरात पोचवण्याचा प्रयोग या मातीत ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. चित्रपटाच्या तळाशी गोंडी आणि मराठी ओळी देवनागरीत देणं हे त्याच कामाचं पुढचं पाऊल होईल.

तंत्राची अडचण नाही. व्हीसीडीत फार तर डाव्या स्पीकरला एक भाषा आणि उजव्याला दुसरी अशी सोय करता यायची. डीव्हीडीत आठ भाषांचे आवाज आणि बत्तीस भाषांच्या ओळी मावतात. आपल्या बाजारातल्या सगळ्या भाषा घालून जागा उरेल.

हे का करायचं, तर मुलांच्या डोळ्यांसमोर भीमचं जे चित्र आहे ते 25 मार्च 2022 ला आलेल्या 'आरआरआर'चं आहे. राजामौलींनी ती कल्पित गोष्ट म्हणूनच सांगितली, त्यात भीम दिल्लीत आहे. 2020 मध्ये तिच्या टीझरात भीमच्या डोक्यावर टोपी दिसली तेव्हा आदिलाबादच्या आदिवासी नेत्यांनी आक्षेप घेतला होता. तो राग खरा होता. पण एका चित्राला उत्तर दुसऱ्या चित्रानेच देता येतं. जोडेघाटची गोष्ट सांगायला निघालेला जुना चित्रपट घरोघरी असता, तर मुलांनी दोन्ही बघून स्वतःच ठरवलं असतं.

मागायचं ते नेमकं मागावं

चित्रपट "मिळाला पाहिजे" एवढं म्हणून भागत नाही. वरच्या उदाहरणांवरून मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट कुणाकडे आणि कोणत्या स्थितीत आहे याची लेखी नोंद मागणं. प्रत हयात असेल तर तिचं स्कॅनिंग करून एक संच पुण्याच्या संग्रहालयात जमा व्हावा.

दुसरी, हक्क. आपल्या कायद्यात चित्रपटाचा मूळ मालक निर्माता असतो आणि हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे चोरून प्रती काढणं हा मार्ग नाही. निर्माता-दिग्दर्शकांना विनंती करून, त्यांचा मान आणि मोबदला राखून, शाळा, वसतिगृहं आणि ग्रंथालयांसाठी परवानगी मिळवणं हा मार्ग आहे.

तिसरी, भाषा. तेलुगू मूळ आवाज, सोबत गोंडी, कोलामी आणि मराठी ओळी. भाषांतर इथल्याच शिक्षकांनी करावं.

चौथी, रूप आणि किंमत. आज चकती फिरवायचं यंत्रच घरात उरलेलं नाही हे खरं. सगळं मोबाइलवर. पण इंटरनेटवरच्या मंचावरचा चित्रपट करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो, आणि रेंज नसलेल्या गुड्यात तो मुळात नसतोच. म्हणून शाळेच्या कपाटात ठेवता येईल अशी डिस्क किंवा पेनड्राइव्ह, आणि भाव जत्रेतल्या पुस्तकाएवढा.

मद्रासच्या वकिलाकडे कायद्याचा एक मुद्दा होता, इंग्रज मुलाकडे दोन रिळं होती. आपल्याकडे वर्धंतीचा दिवस आहे, आयटीडीएच्या आश्रमशाळा आहेत आणि अनेक भाषा जाणणारी माणसं आहेत. येत्या आश्विन पौर्णिमेआधी मंडळाच्या बैठकीत या चार मुद्द्यांचा अर्ज तयार करून संबंधितांना पाठवावा, आणि मराठी ओळींचं काम ज्यांना जमेल त्यांनी त्याच बैठकीत नावं द्यावीत, असं मी सुचवतो.